शाळेतली धाव

आमच्या शाळेचे सुकलाल गुरुजी, त्यांची दाढी करायला गावचा न्हावी नेहमी कुरकुरायचा. "बाई, या मानूसनी दाढी करानी म्हंजे चालत्या गाडीना चाकले तेल देवानं," असं तो मला एकदा म्हणाला, आणि त्यात काही खोटं नव्हतं. गुरुजी पाटावर बसायचे, एक गाल होईपर्यंत कसाबसा दम धरायचे, आणि दुसऱ्या गालाला साबण लागलेला असतानाच उठून कुंपणापाशी कोणाशी तरी बोलायला जायचे. न्हावी वस्तरा घेऊन मागे. अर्ध्या दाढीनिशी ते शाळेत आलेलेही मी पाहिले आहेत. मुलं हसायची. गुरुजी गालावरून हात फिरवून बघायचे आणि मुलांपेक्षा मोठ्याने हसायचे.

मी मूळची नाशिकची. ट्रेनिंग संपवून नोकरीला लागले ती थेट शहाद्याकडच्या एका तापीकाठच्या गावात. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून नांदती आहेत. नंदुरबार तेव्हा जिल्हा नव्हता, महाराष्ट्र व्हायचा होता, आम्ही पश्चिम खानदेशात, म्हणजे धुळ्याकडे, मोडायचो. शाळा दोन शिक्षकांची. एक लांबलचक खोली, मध्ये बांबूची तट्टी. अलीकडे माझी पहिली, पलीकडे गुरुजींच्या दुसरी ते चौथी. तट्टीतून सगळं ऐकू यायचं आणि बरंचसं दिसायचंही. मी पाहिलेले गुरुजी ते त्या तट्टीच्या फटीतून पाहिलेले.

आधीच सांगून टाकते, कौतुक करणं हा माझा स्वभाव नाही. कोणी फार चांगलं म्हटलं की मी आधी त्यातलं वाईट शोधते. गुरुजींमध्ये ते शोधायला लागायचं नाही. माझी पेनं त्यांनी किती हरवली त्याला सुमार नाही. छत्री तर दर पावसाळ्यात नवी. गावातल्या मोठ्या माणसांची नावं ते हमखास चुकायचे, सरपंचाला त्याच्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारायचे. पण कुठल्या पोराने मागच्या आठवड्यात कुठल्या गणितापाशी पाटी बाजूला ठेवली, हे मात्र त्यांना पक्कं आठवायचं. खुर्चीवर त्यांचा कोट बसायचा आणि टेबलावर काळी टोपी. स्वतः सारखे फिरतीवर. भाकरीसुद्धा दारात उभं राहून खायचे.

आणि एक वाक्य होतं त्यांचं. कोणाही पोराबद्दल मोठी माणसं तक्रार सांगायला लागली की सगळं ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "त्याला विचारलं का?" झालं. मोठ्या माणसांचा पारा चढायचा. पोराला काय विचारायचं? माझाही चढायचा, खरं सांगते.

रतिलाल शाळेत आला तो दाव्याने बांधलेला. गुरं बांधायचं दावं, त्याचं एक टोक पोराच्या कमरेला आणि दुसरं बापाच्या मनगटाला. बाप म्हणजे मगनभाई, गावातले मातब्बर गुजर शेतकरी. कापूस, केळी, दोन विहिरी. पोरगा आठ-नऊ वर्षांचा, डोळे काळेभोर, अंगात एक क्षण ठरेल तर शपथ. आमच्या गुरुजींच्या आधीच्या मास्तरांनी त्याला दोनदा दुसरीत ठेवला होता आणि मग शाळेत पाठवूच नका म्हणून सांगितलं होतं.

"गुरुजी, हाऊ मन्हा पोऱ्या," मगनभाई म्हणाले. "एक घडी जागावर बसत नही. आखाजीपावत देखस. नही सुधरना तं शाळा बंद. घर बांधी ठेवसू."

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, तोवरची मुदत. मी तट्टीआडून फणफणले. लेकराला जनावरासारखं बांधून आणायचं म्हणजे काय? गुरुजी मात्र चिडले नाहीत. त्यांनी शांतपणे कारण विचारलं, "मगनभाई, दावं काब्र लायं?"

मगनभाईंनी मनगटावरचं दावं आवळलं. मग म्हणाले, "तापीमा मन्हा भाऊना पोऱ्या गया. असाच व्हता. हाऊ बी जाई."

म्हणजे तो माणूस पोराला छळत नव्हता, तो भ्यायला होता. ते ऐकून माझा राग कुठे गेला कळलं नाही. गुरुजींनी वाकून रतीच्या कमरेची गाठ सोडली, दावं गुंडाळून मगनभाईंच्या हातात दिलं आणि म्हणाले, "शाळेत असेल तोवर तो माझ्या नजरेत. नदीवर गेला तर मी जबाबदार." आणि लगेच रतीकडे वळून विचारलं, "काय रे भाऊ, तुला कुठे बरं वाटतं?"

रती तोवर खिडकीवर चढला होता. तिथूनच म्हणाला, "मोटवर."

पहिले काही दिवस नुसता गोंधळ. रती दुसऱ्यांच्या पाट्या पुसायचा, दौती सांडायचा, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर ओरडायचा, आणि ते बहुतेक वेळा चूक असायचं. एकदा त्याने शाळेचा घंटेचा लोखंडी तुकडा दुपारच्या मधोमध बडवून सगळी शाळा सोडून दिली. गुरुजी त्याला मारत नसत. पण दमायचे. एकदा वर्ग तसाच ठेवून ते बाहेर लिंबाखाली जाऊन डोळे मिटून उभे राहिलेले मी पाहिले. मला वाटलं, संपलं. हेही मास्तर आता हात टेकणार.

त्या रविवारी ते मगनभाईंच्या मळ्यात गेले. मीही गेले, मला मोट कधी जवळून बघायला मिळाली नव्हती. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासूनच्या उतारावरून, खाली उतरत, मोट भरून वर येई, काठच्या थारोळ्यात पाणी ओतलं जाई, की बैल उलट्या पावलांनी पुन्हा वर. रती बैलांबरोबर चालत होता. खाली जाताना तोंडाची टकळी चालू, बैलांशी भांडण, गाणं, शिव्या. पण धावेच्या टोकाला पोचला की गप्प. नाडा ताणलेला, मोट काठावर आलेली, आणि पोरगा थारोळ्याकडे डोळे लावून खांबासारखा उभा. पाणी पुरतं ओतलं जाईपर्यंत पापणी हलत नव्हती. मग पुन्हा चाल, पुन्हा टकळी. सकाळभर हेच.

मी म्हटलं, "बघा, इथे कसा दमत नाही, आणि शाळेत?"

गुरुजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, तो थांबतोय. तुम्ही चालणं बघताय. तो थांबतो केव्हा ते बघा. चालून आला की थांबतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेले तर गुरुजींनी सगळ्या मुलांना दोन हात पुढे सरकवलं होतं आणि शेवटच्या रांगेच्या मागे, भिंतीलगत, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब पट्टा शेणाने सारवून ठेवला होता. "ही आपल्या शाळेची धाव," त्यांनी मुलांना सांगितलं. "ज्याला बसवत नसेल त्याने इथे चालायचं. कोणाला हात लावायचा नाही, मोठ्याने बोलायचं नाही. जाताना प्रश्न घेऊन जायचा, टोकाला पोचलं की उत्तर ओतायचं." पोरं खो खो हसली. पहिल्या दिवशी सगळीच चालायला उठली. दुसऱ्या दिवशी निम्मी. आठवडा उलटला तेव्हा उरले रती आणि आणखी दोघं. ज्यांना गरज नव्हती त्यांना त्याचा कंटाळा आला, एवढं साधं होतं ते. गुरुजींना हे आधीच माहीत होतं की काय, मी कधी विचारलं नाही.

मग तट्टीच्या फटीतून मी रोज बघायची. "सात आठे?" गुरुजी विचारायचे. रती चालायला लागायचा, ओठ पुटपुटत, बोटं हलत. टोकाला पोचला की थांबायचा. गुरुजीही बोलायचे थांबायचे. "छप्पन." कधी बरोबर, कधी चूक. चूक असेल तर गुरुजी एवढंच म्हणायचे, "मोट अर्धी आली, पुन्हा जा." बरोबर असेल तर तिथल्या तिथे मान डोलवायची. संध्याकाळवर काही ठेवायचं नाही. ते म्हणायचे की या पोरांना उद्याचं बक्षीस म्हणजे कोणा दुसऱ्याला दिलेलं बक्षीस.

वाचनाची वेगळीच तऱ्हा. पुस्तकाचं पान उघडलं की रतीचे डोळे सगळ्या पानभर उड्या मारायचे. गुरुजींनी जुन्या वहीच्या पुठ्ठ्याला एक ओळ दिसेल एवढी फट पाडली. ती एक ओळ वाचायची, पुठ्ठा खाली सरकवायचा, एक फेरी मारून यायची, मग पुढची ओळ. असा त्याने एक धडा वाचला तेव्हा त्याला इतका वेळ लागला की मला झोप आली. पण त्याने वाचला. अडखळत का होईना, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. मी तट्टीच्या अलीकडे माझ्या पहिलीच्या पोरांसमोर डोळे पुसत उभी. मला सहसा रडू येत नाही.

आणि फक्त धावेवर चालणारीच पोरं नव्हती त्यांच्या नजरेत. माझ्या पहिलीतून पास होऊन गेलेली सुमन नावाची एक मुलगी होती, अगदी गरीब, हूं की चूं नाही. मी तिला फार शहाणी समजायची. गुरुजी म्हणाले, "बाई, ही बसलेली दिसते, पण इथे नसते. रती निदान पळून जाताना दिसतो तरी." तिच्याजवळून जाताना ते दर वेळी तिच्या पाटीच्या कडेवर बोट टेकवून जायचे. बोलायचे नाहीत. बोट टेकलं की ती परत यायची.

एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी रतीला प्रश्न विचारला आणि रती चालायला लागला. साहेबांची मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. उत्तर आलं. साहेबांनी दुसरा विचारला. पुन्हा मान. शेवटी ते हसून म्हणाले, "मास्तर, पोरगा शिकतोय, पण माझी मान अवघडली." भला माणूस होता. गुरुजींनी त्यांना सारवलेल्या पट्ट्यावरून स्वतः चालवून आणलं आणि साहेब मुकाट चालले.

इथवर सगळं छान होतं. बिघडलं ते गावाच्या श्रद्धेने.

मगनभाईंचा पोरगा शाळेत टिकतोय, पाढे म्हणतोय, हे गावभर झालं. त्याचं कारण काय, तर शाळेतली धाव. मग एका सकाळी एक म्हातारी तापाने फणफणलेला नातू घेऊन आली आणि त्याला पट्ट्यावरून फेऱ्या घालायला लागली. नंतर कोणी न बोलणारं पोर आणलं, कोणी अंथरूण ओलं करणारं. एका सोमवारी शाळा उघडली तर धावेच्या टोकाला शेंदूर फासलेला दगड आणि फुटलेला नारळ. मी संतापले. गुरुजींनी नारळाचे तुकडे मुलांना वाटले, दगड उचलून बाहेर लिंबाखाली ठेवला, शेंदूर पुसून त्यावर पुन्हा सारवलं. प्रत्येक आईला ते परोपरीने सांगायचे, "माय, हाई देवनी जागा नही. अठे पोऱ्या चालस, बस." ती मान डोलवायची आणि जाताना जमिनीला हात लावून कपाळाला लावायची.

त्यातून वार्षिक परीक्षा झाली. रती पास झाला. दुसरीतून तिसरीत, बस एवढंच, पण त्या घरात दिवाळी झाली. मगनभाई पेढे घेऊन शाळेत आले आणि म्हणाले, त्यांनी देवीला बोललं होतं: पोऱ्या बरा झाला तर आखाजीला त्याच्या भारंभार गूळ तोलून गावात वाटीन. आता तो बरा झाला. गुरुजींनी यायलाच हवं.

गुरुजींचा चेहरा उतरला. "मगनभाई, हाऊ बरा नही व्हयना. व्हनार बी नही. आजारी ऱ्हास तो बरा व्हस. हाऊ आजारी नही."

"पास व्हयना ना?"

"चालीसन पास व्हयना. जूनमा बी चाली."

"आते कसाले चाली?" मगनभाई म्हणाले. "देवीनी ऐकं. आते तो बसी."

ते गेल्यावर गुरुजी बराच वेळ पट्ट्यावरून येरझारा घालत राहिले. मी म्हटलं, "जाऊ द्या ना, आनंदात आहेत ते." तर म्हणाले, "बाई, जूनमध्ये तो बसणार नाही. मग त्यांना वाटेल देवी कोपली. मग तेच, घरात बांधून ठेवणं." तेव्हा मला कळलं की पोरगा पास झाला हीच आता त्याच्यावर आलेली आफत होती.

आखाजीचा दिवस. माहेरवाशिणी झोक्यांवर, देवीच्या ओट्यापुढे सगळा गाव. तीन वाशांच्या तिपाईला कापूस तोलायचा मोठा काटा टांगलेला, एका पारड्याशेजारी बैलगाडीत गुळाच्या भेल्या. माझी बदलीची ऑर्डर आली होती, दुसऱ्या दिवशी निघायचं होतं, म्हणून मी मुद्दाम गेले. रतीला नवं धोतर, कपाळाला कुंकू. त्याला पारड्यात बसवलं आणि भेल्या चढवायला सुरुवात झाली.

तो बसेल कसला. तो मांडी घालायचा, मोडायचा, साखळी धरून बघायचा, वाकून गूळ मोजायचा. पारडं वर, पारडं खाली. लोक आधी हसले, मग कुजबुजले. "बस," मगनभाई म्हणाले. मग जोराने, "बस." रती रडकुंडीला आला. म्हणाला, "मी नही हालत, काटाच हालस."

कोणीतरी म्हातारा बोलला, देवीनी घेतलं नाही. मगनभाईंचा चेहरा काळवंडला. त्यांनी पोराचा दंड धरून त्याला पारड्यातून खेचला. त्या पकडीत काय होतं ते मी ओळखलं, ते पहिल्या दिवशीचंच भय होतं. पुढे काय होणार ते गर्दीतल्या सगळ्यांनाच दिसत होतं.

गुरुजी मध्ये गेले. त्यांनी मगनभाईंना काही म्हटलं नाही. ते रतीसमोर उकिडवे बसले आणि सगळ्यांसमोर, तो दंडाला धरलेला असतानाच, विचारलं, "भाऊ, कसं करूया?"

रतीने नाक पुसलं. गाडीकडे बघितलं. "गूळ मी आनस," तो म्हणाला.

मगनभाईंचा हात कधी सुटला ते त्यांनाही कळलं नसेल. रती पळत गाडीपाशी गेला, एक भेली पोटाशी धरून आणली, पारड्यात ठेवली. पुन्हा गेला. पुन्हा आणली. त्याच्याएवढा गूळ तोच वाहत होता. सगळा गाव बघत होता. घामाने कुंकू ओघळलं. गुरुजी काट्यापाशी उभे, प्रत्येक भेलीला फक्त मान डोलवत होते. पुरेसा ढीग झाल्यावर ते म्हणाले, "आता." रती धापा टाकत आला, समोरच्या पारड्यात बसला, आणि थांबला. मळ्यात थांबायचा तसा. काटा एकदा झुकला, दुसरीकडे झुकला, आणि सरळ उभा राहिला. मग गलका झाला आणि रतीने उडी मारली.

मगनभाई देवीकडे हात जोडून रडत होते. "बरा व्हयना. मन्हा पोऱ्या बरा व्हयना."

इथे कोणीही गप्प बसलं असतं. मी बसले असते. सगळं गोड झालं होतं, गाव खूश होता. सुकलाल गुरुजी गप्प बसले नाहीत. मगनभाईंच्या खांद्यावर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नही, मगनभाई. बरा नही व्हयना. जसा व्हता तसाच शे. असाच ऱ्हाई."

मगनभाई भडकले. देवीसमोर, नवसाच्या दिवशी, हा मास्तर काय अभद्र बोलतो. "मंग हाऊ गूळ कसाले वाटाना?"

गुरुजी म्हणाले, "पोऱ्या शे म्हनीसन."

पोरगा आहे म्हणून, एवढंच. मी आयुष्यात पुष्कळ विद्वान माणसांची भाषणं ऐकली, शिक्षणावरची तर उबग येईपर्यंत. त्या तीन शब्दांनी माझ्या अंगावर काटा आला तसा पुन्हा कधी आला नाही.

सगळ्यांत आधी हलली ती रतीची आई. इतका वेळ ती बायकांमध्ये पदर तोंडाशी धरून उभी होती. तुलेचा गूळ घरच्यांनी तोंडात घालायचा नसतो, तो गावाचा. ती पुढे आली, पारड्यातल्या भेलीचा एक खडा फोडला आणि रतीच्या तोंडात घातला. कोणी तिला अडवलं नाही. मगनभाई नुसते बघत राहिले. मग त्यांनी डोळे पुसले आणि गुरुजींना विचारलं, "शाळा कव्हय उघडस?"

"जूनमा," गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शहाद्याची एसटी धरली. पुढे गुरुजी तळोद्याकडे डोंगरातल्या कुठल्या शाळेवर गेल्याचं कानावर आलं, भेट झाली नाही. मला शेवटचे दिसले ते आखाजीच्या संध्याकाळी, देवीच्या ओट्याखाली. पोरांच्या घोळक्यात उभे राहून गूळ वाटत होते, हात कोपरापर्यंत चिकट. शेजारी मगनभाई भेल्या फोडून देत होते. तेवढ्यात गालात गूळ धरलेला रती गर्दीतून सुटला आणि वाऱ्यासारखा केळीच्या बागेकडे पळत गेला. मगनभाईंनी मान वर केली, तोंड उघडलं. गुरुजी वाटायचे थांबले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. मगनभाईंनी हाक मारली नाही.